इन्व्हर्टर असूनही रीफ टाकी का मरते? बाहेरगावी जाण्यापूर्वीची तपासणी

रीफ टाकी, म्हणजे कोरल आणि समुद्री माशांची खाऱ्या पाण्याची टाकी, पाळणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. घर आठवडाभर बंद होते. परत आल्यावर टाकीतले पाणी दुधट, मासे तळाला, कोरल मिटलेले किंवा पांढरे पडलेले, आणि वर प्रश्न: "इन्व्हर्टर तर होता, मग झाले काय?" याचे उत्तर बॅटरीच्या आकारात क्वचितच सापडते. लाईट गेल्यापासून ती परत येऊन सगळे पंप पुन्हा चालू होईपर्यंत सात-आठ गोष्टी आपोआप नीट घडाव्या लागतात. त्यातली एखादी अडते आणि ती सोडवायला घरात कोणी नसते. म्हणून आणखी मोठी बॅटरी घेण्याआधी नेमके काय अडले ते शोधावे.

किनारपट्टीवर लाईट तीन तऱ्हांनी जाते आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिली रोजची तऱ्हा. तारेवर माडाची झावळी पडते, फ्यूज उडतो किंवा देखभालीसाठी पुरवठा बंद ठेवतात. यात अर्धा ते चार तास जातात. उन्हाळाभर खाऱ्या वाऱ्याने विजेच्या खांबांवरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो. मृगाच्या पहिल्या सरीने तो ओला झाला की ठिणग्या पडून अख्खा फीडर ट्रिप होतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दिवसातून पाच-सहा वेळा लाईट जाण्यामागे हे एक कारण असते. दुसरी तऱ्हा वादळाची. ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आले, पुढच्या मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकले. 'निसर्ग'नंतर काही गावांत वीज यायला आठवडे लागले. तिसऱ्या तऱ्हेकडे कोणाचेच लक्ष नसते: गावात लाईट आहे, फक्त तुमच्या टाकीची गेली आहे.

टाकी गेली तर ती पुन्हा भरणे सोपे नाही, हेही ध्यानात असू द्या. खडक बांधणारे सगळे कोरल, समुद्रपंखे आणि काळे कोरल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. स्नॉर्केलिंगला जाऊन तुकडा खिशात घालून आणायचा विचारही नको.

परत आल्यावर काय दिसले?

आवराआवर करण्याआधी पाच मिनिटे नुसते पाहा. एकदा पंप फिरू लागले आणि फरशी पुसली की पुरावा जातो.

मोठे, चपळ मासे मेले आहेत, लहान गोबी मासे वाचले आहेत, गोगलगायी पाण्याच्या रेषेवर चढून बसल्या आहेत आणि मशरूम, लेदर, झोअँथिड जातींचे कोरल मिटलेले पण जिवंत आहेत, तर ऑक्सिजन संपला. मासे बरे आहेत पण कोरल पांढरे पडले किंवा त्यांचे मांस सोलल्यासारखे सुटले, तर पाणी तापले. फरशी ओली किंवा मिठाने पांढरी झाली आहे आणि क्षारता (पाण्यातले मिठाचे प्रमाण) उतरली आहे, तर खारे पाणी सम्पबाहेर (टाकीखालच्या गाळणीच्या पेटीबाहेर) सांडले आणि तेवढेच गोडे पाणी ऑटो टॉप-अपने (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणाऱ्या यंत्रणेने) भरून टाकले. क्षारता मोजल्याशिवाय हे कळत नाही, कारण पातळी बरोबर दिसते. कुजक्या अंड्याचा वास येतो, तर गाळणीच्या एखाद्या बंद डब्यातले माध्यम (कॅनिस्टर फिल्टर, बायोपेलेट किंवा फॉस्फेटचा रिअॅक्टर) सडून पुन्हा सुरू झाले. एकच पंप बंद आणि बाकी सगळे सुरू असेल, तर तो लाईट आल्यावर उठलाच नाही.

लाईट एकूण किती तास नव्हती हे काढायची स्वस्त युक्ती आहे. गोल फिरणारा साधा यांत्रिक टायमर घ्या, त्याला काहीही न जोडता टाकीच्या बोर्डात लावा आणि निघताना घड्याळाशी जुळवा. परतल्यावर तो जितका मागे पडला असेल, तितके तास त्या बोर्डाला वीज नव्हती. (चोवीस तासांहून जास्त खंड पडला तर हिशेब चुकतो, पण तेव्हा टायमरची गरजही उरत नाही.) याच कारणाने दिव्यांना असा टायमर लावू नये. दोन-तीन दिवसांत दिवे मध्यरात्री पेटू लागतात. दिव्यांना आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर हवा.

पहिल्यांदा काय जपायचे

२६ अंश तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन भरून भरून लिटरला साधारण ६.७ मिलिग्रॅम मावतो. गोड्या पाण्यात त्याच तापमानाला ८ च्या वर. पाणी ३० अंशांवर गेले की खाऱ्या पाण्याची क्षमता ६.२ वर येते आणि त्याच वेळी मासे, कोरल, बॅक्टेरिया सगळ्यांची गरज वाढते. म्हणजे गोड्या पाण्याच्या टाकीत चालून जाते ते इथे चालत नाही. रात्री परिस्थिती आणखी वाईट, कारण कोरलमधले शैवाल आणि रेफ्युजियममधले (शेवाळ वाढवायच्या वेगळ्या कप्प्यातले) शेवाळ दोन्ही ऑक्सिजन घेऊ लागतात. मध्यम भरलेल्या टाकीत पाणी पूर्ण थांबले तर चार तासांपुढे धोका धरून चालावे, दाट माशांच्या टाकीत त्याआधीच.

त्यामुळे क्रम असा: पाण्याचा पृष्ठभाग हलता राहणे, मग तापमान, मग गाळण. दिवा सगळ्यांत शेवटी. दोन-तीन दिवस अंधार कोरल सहज सोसतात. दिवा आणि स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारे यंत्र) इन्व्हर्टरवर टाकून बॅटरी संपवणे हा उफराटा न्याय झाला.

इन्व्हर्टर: हिशेब आणि खोडा

उदाहरणाला तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी घेऊ, म्हणजे सुमारे १९० लिटर. घरातला इन्व्हर्टर १५० एएचच्या ट्यूबलर बॅटरीवर. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. बॅटरी पूर्ण पिळायची नसते. ६० टक्के वापर धरला तर हातात राहतात १०८०.

टाकीसाठी एक डीसी वेव्हमेकर (टाकीतले पाणी हलवणारा पंप) १० वॅट आणि रिटर्न पंप (सम्पमधले पाणी टाकीत परत चढवणारा) मंद वेगावर १५ वॅट, एकूण २५. इन्व्हर्टरच्या रूपांतरात तूट धरून ते होतात २९. शिवाय इन्व्हर्टर स्वतः जिवंत राहायला १० ते १५ वॅट खातो. छोट्या भारावर हा खर्च मोठा असतो आणि तोच हिशेबातून सुटतो. बॅटरीवर पडणारा भार म्हणून ४१ वॅट धरा. १०८० भागिले ४१ म्हणजे २६ तास. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर यातले निम्मेच खरे माना.

आता त्याच इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि चार दिवे चालू राहिले, तर भार २६० वॅटवर जातो आणि तीच बॅटरी चार तासांत बसते. घराला कुलूप असताना पंखे कोण लावणार, असे वाटेल. पण पाहुणे जाताना लाईट नव्हती, बटण खालीच राहिले, हे नेहमी होते. देवघरातला दिवा, मोटारीच्या फ्लोट स्विचचा ट्रान्सफॉर्मर, गेटची बेल असे बारीक भारही चिकटलेले असतात. इन्व्हर्टरवर फ्रिज जोडला असेल तर आणखी एक खोडा येतो. कॉम्प्रेसर उठताना ओव्हरलोड होतो, इन्व्हर्टर ट्रिप होतो आणि काही प्रयत्नांनंतर कोणी बटण दाबेपर्यंत बंदच राहतो. बॅटरी भरलेली, लाल दिवा पेटलेला आणि टाकी मेलेली, असे दृश्य असेल तर कारण बहुधा हेच. इलाज: इन्व्हर्टरच्या आउटपुटवर टाकीसाठी वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी, आणि निघताना घराचा बाकी एमसीबी खाली.

आणखी तीन गोष्टी तपासा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एसी मोटारीचे चुंबकी पंप घरघरतात, तापतात, कधी उठतच नाहीत. असे पंप असतील तर प्युअर साइन वेव्हच हवा. अॅडॉप्टरवरच्या डीसी पंपांना याचा फारसा त्रास नसतो. दुसरे, डीसी पंपाचा कंट्रोलर वीज गेल्या-आल्यावर आधीच्या वेगावर परततो की स्टँडबायमध्ये थांबून बटणाची वाट पाहतो? काही कंट्रोलर थांबतात, आणि इन्व्हर्टरवर जाताना होणारा क्षणाचा खंडही त्यांना पुरतो. इन्व्हर्टरला यूपीएस मोड असेल तर तो लावा. तरीही थांबत असेल तर कंट्रोलर बदलण्यावाचून गत्यंतर नाही. तिसरे, भरणे. रिकामी झालेली ट्यूबलर बॅटरी पुरती भरायला दहा-बारा तास लागतात. जूनमध्ये चार तास लाईट जाते, दोन तास येते, पुन्हा जाते. अशा दिवशी बॅटरी प्रत्येक खेपेला थोडी कमी भरते आणि तिसऱ्या दिवशी हिशेबातले २६ तास हातात नसतात.

टर्मिनलवर खाऱ्या हवेने चढलेली हिरवी-पांढरी बुरशी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुऊन, वाळवून, पेट्रोलियम जेली लावा. निघण्याच्या आठवडाभर आधी डिस्टिल्ड वॉटरची पातळी खुणेपर्यंत आणा. आदल्या दिवशी भरलेले पाणी नीट मिसळत नाही.

गावात लाईट आहे, टाकीत नाही

पावसाळ्यात बंद घरातली हवा दमट, बोर्डावर मिठाची बारीक साय. एवढ्यावर ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका) पडतो. पडणे हे त्याचे कामच आहे. खाऱ्या पाण्यात हात घालणाऱ्या माणसाचा जीव तो वाचवतो, म्हणून त्याला बायपास करून देणारा वायरमन मिळाला तरी ऐकू नये. पण संपूर्ण घराचा एकच आरसीसीबी असेल, तर ओल्या भिंतीतली गळती टाकी मारते.

टाकीला स्वतंत्र आरसीसीबी द्या, शक्य असेल तर दोन: एकावर रिटर्न पंप आणि चिलर (पाणी थंड करणारे यंत्र), दुसऱ्यावर वेव्हमेकर. एखाद्या उपकरणाची वायर चिरली तरी दुसरा प्रवाह चालू राहतो. इन्व्हर्टरच्या वायरीचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला असेल तर बदल होताना आरसीसीबी हटकून पडतो. वायरमनला हे शब्दशः सांगून न्यूट्रल वेगळा करून घ्या. मल्टिप्लग टाकीच्या स्टँडमध्ये, सम्पच्या शेजारी ठेवू नका. बाजूच्या भिंतीवर, टाकीच्या कडेपासून दूर लावा आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर आणा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळातून खाली पडेल.

विद्युतदाबाचेही बघायला हवे. आडगावात संध्याकाळी १७० व्होल्ट असतात, आणि वादळात खांबावरचा न्यूट्रल तुटला तर घरात ३०० च्या वर चढतात. तेव्हा सगळे अॅडॉप्टर एका झटक्यात जातात. वितरण पेटीत कमी-जास्त दाबाला तोडणारा आणि दाब सुधारल्यावर आपोआप जोडणारा संरक्षक बसवा. 'आपोआप' हा शब्द पाहूनच घ्या. जांभ्याच्या जमिनीत मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा पडतो. त्यात दोन बादल्या पाणी ओतून निघा, वळवाच्या विजा त्याच सुमारास असतात.

दुसरी फळी: बॅटरीचा एअर पंप

इन्व्हर्टर कितीही चांगला असला तरी तो एकटा पुरत नाही. दुसरी व्यवस्था त्याच्यापासून पूर्ण स्वतंत्र हवी आणि ती स्वस्तात होते. आत लिथियम बॅटरी असलेला, वीज गेली की स्वतः सुरू होणारा एअर पंप दीड ते तीन वॅट खातो. तो कुठे लावायचा, यात गोम आहे. घरातल्या कुठल्याही सॉकेटमध्ये नको. इन्व्हर्टरच्या आउटपुटवर, टाकीच्याच आरसीसीबीनंतर लावा. म्हणजे महावितरणची लाईट गेल्यावर तो उगाच सुरू होऊन बॅटरी संपवणार नाही. इन्व्हर्टर दमला किंवा आरसीसीबी पडला, की मगच उठेल.

पॉवर बँकेवर चालणारा यूएसबी पंप वापरायचा असेल तर हिशेब: १०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ३७ वॅट-अवर, पैकी तूट जाऊन ३० हाती लागतात. दोन वॅटचा पंप पंधरा तास. पण बऱ्याच पॉवर बँका भार फार कमी असला की 'मोबाईल भरला' असे समजून स्वतः बंद होतात, आणि काही एकाच वेळी भरणे-देणे करताना लाईट गेल्याच्या क्षणी अडखळतात. रात्रभर चालवून पाहिल्याशिवाय विश्वास नको.

एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर नळीतून पाणी उलटे येऊन पंप आणि फरशी दोन्ही जातात. वर जागा नसेल तर नळीत एकदिशा झडप बसवा. एअरस्टोनचे बारीक छिद्र महिनोन्‌महिने बंद राहून मिठाने बुजते, तेव्हा निघताना नवा लावा किंवा स्टोन काढून नळीचे तोंडच अर्ध्या खोलीवर सोडा. मोठे बुडबुडे पृष्ठभाग चांगला हलवतात आणि छोट्या पंपावर ताणही कमी येतो.

लाईट येते तेव्हाच्या अडचणी

निम्म्याहून अधिक नुकसान वीज परतल्यावर होते, असे म्हटले तरी फार चूक नाही.

पंप महिनोन्‌महिने फिरत असतो तोवर त्याच्या रोटरवर चढलेल्या चुन्याचे काही वाटत नाही. एकदा थांबला की पुन्हा सुटताना अडकतो. प्रवासाच्या पंधरा दिवस आधी सगळे पंप उघडा, निम्मे पांढरे व्हिनेगर आणि निम्मे पाणी यांत तासभर बुडवा, जुन्या ब्रशने रोटर आणि त्याची खोबण घासा, गोड्या पाण्यात धुवा. मग प्रत्येक पंप सलग दहा वेळा बंद-चालू करा. दहातून एकदाही अडखळला तर रोटर नवा घ्या.

रिटर्न पंप थांबला की टाकीतले पाणी नळीतून सम्पमध्ये उतरते. आपल्या तीन फुटी टाकीत एक इंच पाणी म्हणजे दहा लिटर. रिटर्नच्या नळीचे तोंड दोन इंच बुडालेले असेल तर वीस लिटर खाली येतील आणि सम्पमध्ये तेवढी जागा हवी. नळीला पाण्याच्या रेषेच्या जेमतेम खाली ४ ते ५ मिलिमीटरचे छिद्र पाडा, म्हणजे पातळी तिथवर उतरताच हवा शिरून सायफन तुटेल. महिन्यातून एकदा टूथपिकने ते साफ करा. एकदिशा झडपेवर भिस्त ठेवू नका, एखादा शंख किंवा चुन्याचा कण अडकला की ती उघडीच राहते. पंप थांबवून सम्पची पातळी स्थिर झाली की तिथे काचेवर मार्करने रेघ मारा. चालू असताना पाणी किती भरायचे ते या रेघेवरून उलटे मोजून ठरवा.

टाकीच्या कडेला टांगलेला, पाणी सम्पमध्ये उतरवणारा सायफनचा ओव्हरफ्लो बॉक्स असेल तर बंद घरात तो ठेवूच नये. लाईट गेल्यावर सायफन तुटला आणि आल्यावर जुळला नाही, तर रिटर्न पंप सम्प रिकामा होईपर्यंत पाणी वर ढकलत राहतो आणि ते सगळे दिवाणखान्यात येते. भोक पाडलेली, ओव्हरफ्लो असलेली टाकी नसेल तर प्रवासापुरता रिटर्न बंद ठेवून वेव्हमेकर आणि एअर पंपावर टाकी चालवणे परवडते.

स्किमर सम्पची पातळी चढलेली असताना सुरू झाला की उसळून कप भरतो आणि घाण पुन्हा पाण्यात. त्याला दहा-पंधरा मिनिटांनी सुरू करणारा विलंब-टायमर लावा. चिलरला तीन ते पाच मिनिटांच्या विलंबाचा स्टॅबिलायझर, फ्रिज-एसीला असतो तोच. लाईट लागोपाठ येत-जात असताना दाबाखालचा कॉम्प्रेसर उठू शकत नाही, ओव्हरलोडवर पडतो, आणि एखादे दिवशी जळतो.

रिअॅक्टर आणि कॅनिस्टर यांचे वेगळे. त्यातले पाणी काही तास थांबले की आत ऑक्सिजन संपतो, सहा-आठ तासांनी सडलेले पाणी तयार होते आणि लाईट आल्यावर ते थेट टाकीत येते. शक्यतो प्रवासात ते काढूनच ठेवा. आठवडाभर बायोपेलेट नसल्याने काही बिघडत नाही. ठेवायचेच असतील तर वीज गेल्यावर सुटणारा आणि हाताने दाबल्याशिवाय न लागणारा स्टार्टर त्यांच्या वायरीत घाला, सुतारकामाच्या यंत्रांना असतो तसा. फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी) तर काढाच. तो तुंबला की पाणी सम्पच्या कडेवरून वाहते.

ऑटो टॉप-अपच्या राखीव डब्यात टाकीला पचेल इतकेच पाणी ठेवा. १९० लिटरच्या टाकीला दहा लिटर गोडे पाणी एकदम पडले तरी क्षारता ३५ वरून ३३ च्या आसपास येते, ते चालते. चाळीस लिटरचा पिंप जोडून फ्लोट अडकला तर काही वाचत नाही. नळीचे टोक सम्पच्या पाण्याच्या वर असू द्या, नाहीतर पंप थांबल्यावरही सायफनने डबा रिता होतो.

एप्रिल-मे: उष्णतेचा प्रश्न

चिलर इन्व्हर्टरवर चालवायचा प्रयत्न करू नका. दीडशे-दोनशे वॅटचा भार बॅटरी चार-पाच तासांत संपवतो, मग प्रवाहही नाही आणि थंडावाही नाही.

पृष्ठभागावर पंखा लावून बाष्पीभवनाने गारवा मिळवायचा उपाय पुण्यात उत्तम चालतो, देवगडला तेवढा नाही. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला ओल्या थर्मामीटरचे तापमान २८ च्या वर असते. पंख्याने पाणी त्याखाली जाणे शक्य नाही. पंखा असला तर पाणी २९ ला थांबेल, नसला तर ३३ कडे जाईल. तेवढ्यासाठी १२ व्होल्टचा तीन-चार वॅटचा पंखा जरूर ठेवा, पण २६ ची आशा धरू नका.

खोली बदलून जास्त फायदा होतो. स्लॅबखालची पश्चिमेची खोली संध्याकाळी भट्टी होते. टाकी उत्तरेला किंवा कौलाखालच्या खोलीत बरी. खिडक्या बंद करून आत चिलर चालू ठेवला तर तो टाकीतली उष्णता त्याच खोलीत ओततो आणि तासागणिक स्वतःचेच काम वाढवतो. त्याच्या गरम हवेला जाळीच्या खिडकीतून वाट द्या.

निघण्याआधी दिवसाला अर्ध्या अंशाने तापमान २५ पर्यंत उतरवून ठेवा, दिव्यांची तीव्रता निम्मी करा. फ्रीझरमध्ये एक लिटरच्या बाटल्या ९०० मिलिलिटरपर्यंत भरून गोठवा. अशी एक बाटली १९० लिटर पाणी साधारण अर्धा अंश उतरवते, म्हणजे दोन अंशांना चार बाटल्या. त्या सम्पमध्ये एकामागून एक, झाकण घट्ट लावून. जेटीवरच्या बर्फाच्या लादीचा तुकडा थेट पाण्यात टाकायचा नाही. पिशवीत बांधून चालेल. मात्र पावसाळी मासेमारी बंदीत बर्फाचे कारखाने नेहमीसारखे चालतील असे धरू नका.

तुम्हाला कळणार कसे?

वायफायचा तापमापक लाईट गेल्यावर राउटरबरोबर मुका होतो. राउटरला छोटा डीसी यूपीएस लावला तर दोन-तीन तास मिळतात. त्यानंतर 'ऑफलाइन' हाच इशारा समजायचा. त्याहून भरवशाची वस्तू शेतकऱ्यांकडे असते: पंपाचा सिमवरचा मोबाईल स्टार्टर. त्याच धर्तीची, वीज गेली-आली की एसएमएस करणारी, स्वतःची बॅटरी असलेली छोटी पेटी मिळते. ती टाकीच्या आरसीसीबीनंतर जोडा. सिमची मुदत प्रवासाच्या मध्यात संपत नाही ना, ते बघा. वादळात टॉवरही बसतात, तेव्हा संदेश न येणे म्हणजे सगळे ठीक, असे नव्हे.

नियोजित बंदचे संदेश महावितरण ग्राहक क्रमांकाला जोडलेल्या मोबाईलवर पाठवते. मीटर वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर तिथे कोणाचा नंबर आहे ते तपासून घ्या. तक्रारीसाठी १९१२.

चावी ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी कागद

शेजारच्या काका-काकूंना फोनवर 'सम्प', 'वेव्हमेकर' समजावत बसू नका. बोर्डांवर रंगीत चिकटपट्ट्या लावा आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्टँडला चिकटवा. मजकूर साधारण असा:

"काकू, रोज एकदा फक्त पाहा. पाणी हलते आहे का? काचेवरचा आकडा २९ च्या खाली आहे का? दोन्ही हो असेल तर काही करू नका, खाऊही घालू नका.

पाणी हलत नसेल तर: हिरवी पट्टी लावलेला खटका खाली पडला असेल तर एकदाच वर करा. पुन्हा पडला तर हात लावू नका, फोन करा. निळ्या पट्टीचा छोटा पंप सुरू करून नळी पाण्यात सोडा.

तोही चालत नसेल तर प्लास्टिकच्या मगाने पाणी काढून वीतभर उंचीवरून परत टाकीत ओता. दर पंधरा मिनिटांनी वीस वेळा.

आकडा २९ च्या वर गेला तर फ्रीझरमधली एक बाटली खालच्या काचेच्या पेटीत ठेवा. अर्ध्या तासाने पाहून दुसरी.

फरशी ओली असेल तर आधी मेन स्विच आणि हिरव्या पट्टीचा खटका दोन्ही बंद करा (नुसता मेन बंद केला तर इन्व्हर्टरची वीज टाकीला चालूच राहते), मगच जवळ जा."

खाण्याबद्दल निक्षून लिहा. निरोगी मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. थांबलेल्या पाण्यात मायेने टाकलेला चमचाभर खाऊ अमोनिया बनतो. आपोआप खाऊ टाकणारे यंत्र दमट हवेत लगदा करून अडकते किंवा एकदम ओतते. एक आठवड्याच्या प्रवासाला ते नकोच. त्याहून लांब जायचे असेल तर एकेका वेळचे खाणे औषधाच्या पुड्यांसारखे बांधून तारीख घालून ठेवा आणि डबा कपाटात.

वादळाचा इशारा असताना पेट्रोलचा छोटा जनरेटर कामी येतो, पण तो चालवणारा माणूस हवा. दिवसभर टाकी त्यावर चालवण्यात अर्थ नाही. रोज चार-पाच तास इन्व्हर्टरची बॅटरी भरायला वापरा. कमी भारावर तासाला साधारण अर्धा लिटर पेट्रोल लागते. जनरेटर पडवीतही नको, अंगणात घरापासून दूर. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दारातून आत येतो.

रंगीत तालीम

निघण्याच्या किमान आठ दिवस आधी, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सातला मेन स्विच खाली ओढा आणि सहा तास तसाच ठेवा. संध्याकाळ यासाठी, की अंधारात ऑक्सिजनची खरी परीक्षा होते. इन्व्हर्टरवर गेल्यावर कोणता पंप थांबला, सम्पची पातळी रेघेच्या वर गेली का, दर तासाला बॅटरीचा व्होल्टेज किती, हे लिहून ठेवा. भाराखाली १२ व्होल्टच्या बॅटरीने सहा तासांतच ११.५ गाठला तर ती म्हातारी झाली. मध्ये एकदा टाकीचा आरसीसीबी चाचणी-बटणाने पाडून पाहा, बॅटरीचा एअर पंप उठतो का. मग मेन लावा आणि लगेच तीन-चार वेळा झटपट बंद-चालू करा, जूनमधल्या लाईटसारखे. (चिलरचा प्लग या खेळापुरता काढून ठेवा.) पंधरा मिनिटांनी स्किमरसह सगळे पूर्ववत झाले पाहिजे, आणि त्यासाठी तुमचा हात कुठेही लागता कामा नये. लागला, तर तेच तुमचे उत्तर. ते दुरुस्त करून तालीम पुन्हा करा. शेवटच्या तीन आठवड्यांत नवा मासा किंवा नवे कोरल आणू नका. चाळीस लिटर खारे पाणी तयार करून झाकलेल्या कॅनमध्ये ठेवा.

एवढे करूनही गडबड झालीच तर

आधी पृष्ठभाग हलता करा. मेलेले सगळे बाहेर काढा, खडकामागचेही. सडलेले रिअॅक्टर न उघडता वेगळे करा आणि बाहेर नेऊन धुवा. क्षारता, तापमान, अमोनिया याच क्रमाने मोजा. अमोनिया दिसला तर तयार ठेवलेले पाणी तापमान आणि क्षारता जुळवून, दोन हप्त्यांत बदला आणि ताजा अॅक्टिव्हेटेड कार्बन चालू करा. तापलेली टाकी एका तासात गार करू नका. तासाला अर्धा अंश पुरे. क्षारता उतरली असेल तर ती दिवसाला एका अंकाने चढवा. दिवे पहिल्या दिवशी तीन-चार तास, तेही मंद. मिटलेले कोरल तीन-चार दिवस तसेच राहू शकतात, त्यांना हलवू नका, खाऊ घालू नका. मासे खाऊ लागले तरी आठवडाभर निम्मेच खाणे द्या आणि अमोनिया रोज मोजा, कारण खडकातले बॅक्टेरियाही मेले असतील तर तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा चढतो. इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण भरून घेतल्यावर तिच्या पाण्याची पातळी पाहा. ती एवढी खोल उतरली असेल तर पुढच्या प्रवासाआधी तालीम नव्याने करावी लागेल, आधीचे आकडे आता लागू नाहीत.